मुरड, साटा आणि सफरचंद

विद्यानगरात दसरा ते दिवाळी चार घरं एकत्र जमली की फराळाच्या ताटात एका घासाची सफरचंदाची करंजी हल्ली हमखास दिसते. आणि कुणीतरी म्हणतंच, "हे काही आपलं नव्हे." त्या आक्षेपाला उत्तर म्हणून हे टिपण. मी पेशाने इंजिनिअर. पदार्थाचेही भाग सुटे करून बघायची सवय जात नाही. करंजीचे भाग तीन, सारण, पारी आणि मुरड.

आधी सारण घेऊ. धारवाडच्या काळ्या जमिनीत नारळ होत नाही. तो घाट चढून कारवारकडून येतो, नाहीतर तिपटूरकडून खोबरं येतं. गोव्यात हीच करंजी नेवरी होते, उत्तरेत खवा भरून गुजिया होते. इथल्या कन्नड घरांत कर्जिकाईत डाळ्याचं पीठ, तीळ, गूळ घालतात आणि कडबूत पुरण. म्हणजे बाजार देईल ते सारण. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 साली निघाली, तिचं मुख्यालय धारवाडला होतं आणि 1885 पासून हुबळीत कारखाना. या रुळांनी आपला बाजार रुंद केला.

सफरचंदाची वाट अजून लांबची. अमेरिकेतून आलेल्या सॅम्युअल (पुढे सत्यानंद) स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढ भागात रेड डेलिशस जातीची रोपं लावली. हिमाचलचं बागाईत त्यावर वाढलं. तिथला हंगाम भाद्रपद-आश्विनात भरात असतो, त्यामुळे नवरात्रात पेट्या आपल्याकडे पोचलेल्या असतात.

आता पारी. तीन पोळ्यांना तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून, एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, तुकडे कापायचे, ते लाटायचे. तळताना पापुद्रे सुटतात. विलायती पेस्ट्रीत लोण्याच्या घड्या घालतात, तत्त्व तेच. तेव्हा सफरचंदाला ही पारी परकी वाटायचं कारण नाही.

अडचण पाण्याची. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींच्या घरात जातं, म्हणून ओलं सारण भरलं की करंजी कढईतच फुटते. उपाय सोपा आहे. कीस तुपावर परतून साखरेबरोबर अगदी कोरडा होईपर्यंत आटवायचा, भाजलेला बारीक रवा आणि वेलदोडा घालायचा, पूर्ण गार करायचा. पुरी दोन इंचांची, सारण चमचाभर, आच मंद.

राहिली मुरड. ही कडा नुसती शोभेची नाही, तिच्यामुळे सांधा घट्ट बसतो. एक पदर दुसऱ्यावर दुमडत गेल्याने तो दाबून चिकटवलेल्या कडेपेक्षा जास्त टिकतो. तिला अर्थही आहे. घरातून कुणी लांब निघालं की मुरडीचा कानवला द्यायची रीत होती, जाणाऱ्याने मुरडून परत यावं म्हणून. गौरींना निरोप देतानाही तोच नैवेद्य. आज आमच्या गल्लीतली निम्मी मुलं बेंगळुरू, पुणे नाहीतर परदेशात आहेत. त्यांच्या डब्यात जाणाऱ्या करंज्या मात्र प्लॅस्टिकच्या साच्यात दाबलेल्या असतात.

सारण शेकडो वर्षं बदलत आलंय, पुढेही बदलेल, त्याची मला काळजी नाही. मुरड मात्र बोटांत असते. ती पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी बसूनच येते, आणि ती जाणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून सभासदांना विनंती, या दिवाळीत आजीच्या, मावशीच्या हातांचं मोबाईलवर चित्रीकरण करा. तुमच्या घरी त्या घडीला काय म्हणतात, ती कुणाकडून शिकल्या, माहेर कुठलं, तेही विचारून घ्या. आत खोबरं आहे की सफरचंद, याने नोंदीत काही फरक पडत नाही.