स्वस्त झालेल्या आलिशान मोटारींचा इतिहास : संस्थानांपासून सावित्रीच्या पुरापर्यंत

१/१२
एके काळी बंगल्याच्या किमतीची असलेली जर्मन मोटार आज नव्या छोट्या गाडीच्या भावात विकावयास निघालेली आपण पाहतो. ती घ्यावी, चार दोष दुरुस्त करावेत आणि ऐटीत फिरावे, असा मोह अनेकांना होतो. पण ही स्वस्ताई येते कोठून? महाराष्ट्राच्या गेल्या शतकात या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात : संस्थान, कारखाना आणि पूर. तिसरे उत्तर आपल्याला महाड तालुक्यात, तळीयेच्या परिसरात घेऊन जाते.

२/१२
पहिले उत्तर संस्थानांचे. दोन महायुद्धांच्या दरम्यान आपले संस्थानिक हे युरोप-अमेरिकेतील मोटार कारखान्यांचे मानाचे गिऱ्हाईक होते. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक आजही शाही दसऱ्याच्या सोहळ्यात दिमाखाने येते. असे जतन प्रत्येक गाडीच्या नशिबी नव्हते. १९४८ मध्ये दख्खनची लहान संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही संपले. मोटारखाना पोसणे जड झाले आणि अनेक गाड्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या.

३/१२
विकणाऱ्याची अडचण मात्र गाडीबरोबरच घेणाऱ्याच्या दारी पोहोचे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत बस्तान बसवले होते. शिवडीला त्यांचा जुळणी कारखाना होता. १९५३ मध्ये सरकारी धोरण पालटले. सुटे भाग देशात बनवण्याची तयारी नसलेल्या जुळणी कंपन्यांना येथे वाव उरला नाही आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. आयातीवरही कडक निर्बंध होते. राजवाड्यातील गाडी स्वस्त झाली, पण तिचा पिस्टन स्वस्त झाला नाही. किंबहुना तो मिळेनासा झाला.

४/१२
येथे इतिहासात प्रवेश होतो तो कारागिरांचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. त्याच कुर्ल्यात आणि चोर बाजारात जुन्या सुट्या भागांची बाजारपेठ रुजली. न मिळणारा बुश लेथवर कातून घ्यावा, पत्र्यातून गॅस्केट कापावे, रेडिएटरला नवी जाळी बसवावी, हे मिस्त्रींचे नित्याचे काम. पेट्रोल पिणाऱ्या थोराड अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवून त्या टॅक्सी म्हणूनही चालवल्या गेल्या. आजच्या संग्राहकाला ही विटंबना वाटेल; पण या तडजोडींनीच अनेक गाड्या भंगाराच्या भट्टीपासून वाचल्या.

५/१२
पुढे काळाचे पारडे फिरले. ज्या गाड्या ओझे म्हणून विकल्या, त्यांनाच वारसा म्हणून मान मिळाला. १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या निर्यातीवर सरकारने निर्बंध घातले. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम काढले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. हा जुलै २०२१ ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

६/१२
दुसरे उत्तर कारखान्याचे. १९९४ मध्ये डायमलर-बेंझ आणि टेल्को यांनी भागीदारी केली आणि १९९५ पासून पुणे परिसरात, पिंपरीला मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. निवडलेली गाडी होती डब्ल्यू १२४, युरोपात १९८४ मध्येच सादर झालेली. नेमक्या त्याच १९९५ मध्ये युरोपात तिची वारसदार डब्ल्यू २१० अवतरली. एवढी मोठी रक्कम मोजू शकणारा भारतीय ग्राहक जगाची बातमी राखून होता. जुने रूप त्याच्या मनात भरले नाही आणि विक्री अपेक्षेपेक्षा पुष्कळ मागे राहिली.

७/१२
पुढे याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे स्वस्तात गेल्या. त्यांची बांधणी भक्कम म्हणून नावाजलेली होती, पण त्या काळच्या मर्सिडीजच्या अनेक पेट्रोल इंजिनांत एक दोष दडलेला होता. वायरिंगचे आवरण इंजिनाच्या उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन गळून पडे. मग तारा एकमेकींना भिडत, इंजिन अडखळे आणि महागडे नियंत्रक जळत. उपाय एकच, संपूर्ण वायरिंग बदलणे. गाडीची किंमत दरवर्षी घटते, सुट्या भागांची घटत नाही. स्वस्त आलिशान गाडीचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

८/१२
तिसरे उत्तर पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. एकाच पावसाने दोन प्रकारची हानी केली होती. एकीची विमा कंपनीकडे मोजदाद होती. दुसरीची मोजदाद पैशांत करणे शक्यच नव्हते.

९/१२
सोळा वर्षांनी तेच पुन्हा घडले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. तिकडे वाशिष्ठीने चिपळूण. बाजारपेठांत उभ्या रिक्षा, टेम्पो, मोटारी चिखलात रुतल्या. त्याच दिवशी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. वाटा पाण्याखाली असल्याने मदत पोहोचण्यासही विलंब झाला. जुन्या मोटारींना सन्मान देणारे नियम निघाले, तो हाच महिना.

१०/१२
बुडालेल्या गाडीचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक ठरला, तर गाडी ‘टोटल लॉस’ समजली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि सांगाडा लिलावात जातो. कायमची निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द करण्याची तरतूद मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे. पण सांगाड्याबरोबर आरसी बुकही जिवंत राहिले, तर तीच गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात ‘एका डॉक्टरांची, कमी वापरलेली’ म्हणून उभी राहू शकते. आलिशान गाडीत हा मोह अधिक, कारण नफा अधिक.

११/१२
आणि धोकाही अधिक. अशा अनेक गाड्यांत संगणकीय नियंत्रक गालिच्याखाली, आसनाखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात, म्हणजे पाणी प्रथम साचते तेथेच. तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज महिनोन्‌महिने चढत राहतो. गाडी आज चालते. सहा महिन्यांनी एअरबॅग ऐन वेळी उघडत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहावी. गालिचा उचलावा, स्टेपनीचा खळगा तपासावा, गिअरबॉक्सचे तेल दुधाळ झाले आहे का ते पाहावे. सर्व नियंत्रकांचे स्कॅनिंग करून घ्यावे आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा. विक्रेता तो देण्यास टाळाटाळ करील, तर तेथूनच परत फिरावे.

१२/१२
तिन्ही उत्तरांत एक धागा समान आहे. तोटा नाहीसा होत नाही, तो पुढच्या माणसाकडे सरकतो. संस्थानिकाकडून मिस्त्रीकडे, पहिल्या मालकाकडून तिसऱ्याकडे, पूरग्रस्ताकडून विमा कंपनीकडे आणि तेथून अजाण ग्राहकाकडे. ज्याला तो ठाऊक असतो, त्याच्या हाती गाडी पुन्हा उभी राहते. ज्याच्यापासून तो लपवला जातो, त्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून जुनी मोटार अवश्य घ्या, हौसेने दुरुस्त करा. पण आधी तिचा इतिहास विचारा. आणि जुलै २०२१ चा उल्लेख निघाला, की मोटारींच्या आधी तळीयेची आठवण ठेवा. तेथल्या लोकांना आपला तोटा पुढे सरकवण्याची सोय नव्हती.

(धागा समाप्त)