मजकूर संपादकातील कर्सरचा आकार व रंग

मजकूर संपादकात पुढचे अक्षर नेमके कोठे उमटणार आहे, हे दाखवणाऱ्या खुणेस कर्सर म्हणतात. आकार, जाडी, रंग आणि उघडझाप ही या खुणेची चार अंगे असून बहुतेक आधुनिक संपादकांत ती वापरकर्त्याला आपल्या सोयीनुसार बदलता येतात. माउसने हलणाऱ्या बाणालाही व्यवहारात कर्सरच म्हटले जाते. तथापि तो दर्शक निराळा असून प्रस्तुत लेखात केवळ मजकुरातील खुणेचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती व इतिहास

'कर्सर' हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'धावणारा' असा आहे. संगणकापूर्वीच्या काळात आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लाइड रूलवर पुढेमागे सरकणाऱ्या, बारीक रेघ असलेल्या पारदर्शक तुकड्याला हे नाव होते. पडद्यावर उघडझाप करणाऱ्या कर्सरच्या अमेरिकी पेटंटासाठी चार्ल्स कीस्लिंग यांच्या नावे १९६७ साली अर्ज झाला व १९७० साली ते मंजूर झाले. बिल जॉय यांनी १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 'व्हीआय' हा संपादक रचला. त्याच परंपरेतील 'विम' हा संपादक ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला.

प्रमुख आकार

कर्सरचे तीन आकार सर्वत्र आढळतात. अक्षराची पूर्ण जागा व्यापणारा तो ठोकळा, दोन अक्षरांच्या मध्ये उभी राहणारी ती रेघ आणि अक्षराच्या तळाशी असणारी ती अधोरेखा. ठोकळा 'या अक्षरावर' असे सुचवतो, तर रेघ 'या दोन अक्षरांमध्ये' असे सुचवते. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात या तिन्हींबरोबर बारीक रेघ, पोकळ ठोकळा व बारीक अधोरेखा असे एकूण सहा आकार आहेत. ईमॅक्स या संपादकात पडदा अनेक खिडक्यांत विभागलेला असल्यास ज्या खिडकीत काम चालू नाही, तेथील कर्सर पोकळ चौकटीसारखा दिसतो.

विममधील कर्सर

विममध्ये कर्सरच्या आकाराला विशेष महत्त्व आहे. नॉर्मल मोडमध्ये कळ दाबल्यास ती आज्ञा ठरते, इन्सर्ट मोडमध्ये तीच कळ अक्षर उमटवते. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे न कळल्यास लिहू पाहिलेला शब्द आज्ञा म्हणून पाळला जातो आणि मजकूर बिघडतो. आकार बदलणारा कर्सर हा धोका टाळतो.

विमच्या खिडकीयुक्त आवृत्तीत ही योजना आधीपासूनच केलेली असते. नॉर्मल मोडमध्ये ठोकळा, इन्सर्ट मोडमध्ये अक्षराच्या रुंदीच्या २५ टक्के जाडीची उभी रेघ, तर रिप्लेस मोडमध्ये अक्षराच्या उंचीच्या २० टक्के जाडीची अधोरेखा दिसते. हे प्रमाण वापरकर्त्यास बदलता येते.

टर्मिनलमध्ये मात्र कर्सर रेखाटण्याचे काम संपादकाचे नसून टर्मिनलचे असते. संपादक केवळ संकेत पाठवतो. प्रचलित संकेतांत १ व २ हे अंक ठोकळ्यासाठी, ३ व ४ अधोरेखेसाठी आणि ५ व ६ उभ्या रेघेसाठी आहेत. प्रत्येक जोडीतील विषम अंक उघडझाप करणारा, तर सम अंक स्थिर कर्सर देतो. मोडमध्ये शिरताना व त्यातून बाहेर पडताना कोणता संकेत पाठवायचा, हे विमच्या मांडणीच्या फाइलीत लिहून ठेवता येते. बाहेर पडतानाचा संकेत न लिहिल्यास संपादक बंद केल्यावरही बदललेला आकार टर्मिनलमध्ये तसाच राहू शकतो.

रंग

खिडकीयुक्त विममध्ये कर्सरचा रंग रंगसंगतीचा भाग म्हणून ठरवला जातो. टर्मिनलमध्ये तो टर्मिनलच्या मांडणीत किंवा वेगळ्या संकेताने बदलावा लागतो. त्यामुळे संपादकात रंग नेमूनही तो न दिसण्याचा अनुभव नवशिक्यांना येतो. विममध्ये भाषेची कळयोजना चालू असताना कर्सरला निराळा रंग देण्याची सोय आहे. रोमन व देवनागरी आलटून पालटून लिहिणाऱ्यास कोणती कळयोजना चालू आहे, हे त्यामुळे टंकन करण्यापूर्वीच कळते.

उघडझाप व सुलभता

विंडोज प्रणालीत कर्सरच्या उघडझापेचा मूळ अवधी ५३० मिलिसेकंद असतो व तो कमी-अधिक करता येतो. उघडझापेमुळे कर्सर चटकन सापडतो. मात्र काहींचे लक्ष त्यामुळे विचलित होते. ईमॅक्समध्ये वापरकर्ता स्वस्थ असल्यास दहा वेळा उघडझाप होऊन कर्सर स्थिर होतो.

अंधुक दृष्टी असलेल्या व्यक्तीस भरगच्च पानावर एक बारीक रेघ शोधणे कष्टाचे असते. विंडोज १० च्या २०२० सालच्या आवृत्तीपासून कर्सरच्या वर व खाली रंगीत खूण दाखवण्याची सोय झाली. कर्सरची जाडीही वाढवता येते. वेबवरील सुलभतेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत अक्षरेतर दृश्य घटक व लगतचा रंग यांत किमान ३:१ इतका उजेडाचा फरक अपेक्षिलेला आहे. कर्सरचा रंग निवडतानाही हे प्रमाण उपयोगी पडते. लाल व हिरवा रंग वेगळे न ओळखू येणाऱ्यांसाठी केवळ रंगावर विसंबून न राहता आकारही बदलणे हितावह ठरते.

देवनागरी लेखन

टर्मिनल प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक रुंदीचा चौकोन गृहीत धरतो. देवनागरीतील जोडाक्षरे या चौकोनात नेहमी नीट बसत नाहीत, त्यामुळे ठोकळ्याच्या आकाराचा कर्सर कधी अर्धेच अक्षर झाकतो. 'स्त्री' हे अक्षर वाचकाला एकच दिसले तरी युनिकोडमध्ये ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांनी बनलेले असते. अनेक संपादकांत बाणाची कळ संपूर्ण अक्षर ओलांडते; पण मागे खोडण्याची कळ केवळ शेवटचे चिन्ह पुसते व 'स्त्र' शिल्लक राहते. ऱ्हस्व इकार तर व्यंजनाच्या आधी दिसतो, पण साठवला जातो व्यंजनानंतर. अशा वेळी अक्षरांच्या सीमेवर उभी राहणारी रेघ ठोकळ्यापेक्षा अधिक स्पष्ट ठरते.