सोनखत आणि भूमिहीनांचा हिशेब

मानवी मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीने ‘सोनखत’ म्हटले. तो मैला वाहणाऱ्याला मात्र समाजव्यवस्थेने अस्पृश्य ठरविले. शेताला सोने आणि श्रमाला विटाळ, हा विरोध खताच्या इतिहासात अखेरपर्यंत दिसतो.

१९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे ढीग उलथवून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. १९३९ मध्ये बंगलोरला आचार्यांनी शहरी कचरा व मैला यांसाठी पद्धत काढली. पद्धतींना शहरांची नावे मिळाली. ढीग उपसणारे हात निनावी राहिले.

कचरा डेपोत हवेविना कुजणारा ओला कचरा मिथेन सोडतो आणि तापमानवाढीत भर घालतो. म्हणून वस्तीवस्तीत खत व्हायलाच हवे. पण ते करणार कोण? पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यातील बहुसंख्य दलित स्त्रियांनी कचरावेचणीला कष्टाचा दर्जा मागितला. दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच मागणीची दुसरी बाजू सांगतो. खत करणाऱ्यांना रास्त मजुरी, ते टाकायला जमीन आणि पिकणाऱ्या अन्नात वाटा मिळाला नाही, तर ‘सामुदायिक खत’ हे जुन्याच बलुत्याचे नवे नाव ठरेल.