जातीची वही आणि बिस्किटांचा व्यापार

कुत्रा माणसाच्या दाराशी आला तो हजारो वर्षांपूर्वी. परंतु त्याच्या कुळाची नोंदवही आणि त्याच्यासाठी कारखान्यात तयार होणारे खाद्य, या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातल्या असून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडात त्यांचा उदय झाला. कोणता कुत्रा पाळावा आणि त्याला काय घालावे, याविषयी श्वानप्रेमी मंडळींत आज जो वाद रंगतो, त्याचे मूळ तेथे सापडते.

त्यापूर्वी कुत्र्याची ओळख मुख्यतः त्याच्या कामावरून होई. मेंढरे राखणारा निराळा, शिकार हुडकणारा निराळा. १८५९ साली न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले, तेव्हा त्यात केवळ पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांनाच प्रवेश होता. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, कुळाच्या नोंदी सुरू झाल्या आणि हळूहळू कामापेक्षा रूपाला, कानांच्या ठेवणीला व अंगावरील केसांना अधिक मोल आले.

याच सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास आरंभ केला. बंदरावरील कुत्री जहाजावरची टणक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे त्याच्या व्यवसायात चार्ल्स क्रफ्ट हा तरुण शिरला. आणि ज्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाला त्याचे नाव मिळाले, ते १८९१ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात भरले. अशा रीतीने खाद्याचा विक्रेताच जातींच्या स्पर्धेचा सूत्रधार झाला.

विसाव्या शतकात या वादात तिसरा प्रश्न आला. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फोन पिर्के या ऑस्ट्रियन वैद्याने १९०६ साली प्रचारात आणला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर व पूडल यांचा संकर केला. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीला मार्गदर्शक कुत्रा हवा होता; पण तिच्या पतीला कुत्र्यांचा त्रास होई. पिल्लांचे केस व लाळ यांचे नमुने तिकडे पाठविले गेले, तेव्हा तीन भावंडांपैकी एकच पिल्लू त्याला सोसले. हा तपशील मागे पडला आणि 'त्रास न देणारी जात' एवढीच कीर्ती जगभर पसरली. त्रासाचे मूळ केवळ केसांत नसून लाळेतील व त्वचेतील प्रथिनांत असते. २०११ साली अमेरिकेत घरांची तपासणी झाली, तेव्हा अशा निर्धोक म्हणविल्या जाणाऱ्या जातींच्या घरी ती प्रथिने कमी आढळली नाहीत.

खाद्याचीही हीच कथा आहे. धान्य कुत्र्याला परके, असे सांगून धान्यविरहित खाद्य महाग विकले जाते. परंतु पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. स्वतः कुत्र्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी होते, तीही गव्हापेक्षा गोमांस, दुग्धपदार्थ व कोंबडी यांच्यामुळे अधिक आढळते.

नोंदवहीने कुळ कळते, डब्यावरील कागदाने घटक कळतात. परंतु विशिष्ट माणसाला विशिष्ट कुत्रा सोसेल की नाही, हे दोहोंतही लिहिलेले नसते. कुत्रा घरी आणण्यापूर्वी त्याच्या सहवासात काही काळ घालवून पाहणे, हाच त्यातल्या त्यात खरा उपाय होय. ही परीक्षा टाळली, तर चूक माणसाची होते आणि घराबाहेर जाण्याची पाळी मुक्या जनावरावर येते.