३० जूनचा इसार

बदलापूरहून सुटलेल्या सीएसटी लोकलमध्ये तुम्हाला चौथी सीट मिळाली आहे. अर्धे बाकावर, अर्धे हवेत. १९९९चा नोव्हेंबर सरत आलाय. शेजाऱ्याने चार घड्या घालून धरलेल्या पेपरात आकडा दिसतो: ४९९ कोटी.

"वेबसाइटचे?" समोरचे काका विचारतात.

वेबसाइटचेच. राजेश जैन यांनी १९९५ साली सुरू केलेली इंडियावर्ल्ड. समाचार, खेल, खोज, बावर्ची ही तिची दालनं. ती अजून शेअर बाजारात आलेली नाही. घेणारी सत्यम इन्फोवे मात्र ऑक्टोबरातच १८ डॉलर भावाने नॅस्डॅकवर उतरलीय आणि तिचा शेअर चढतोच आहे. म्हणून ही घाई. आपला भाव चढा आहे तोवर दुसऱ्याचं घर घ्यायचं.

पैसे एकरकमी नाहीत. २४.५ टक्के हिश्शाला १२२ कोटी आत्ता. उरलेला हिस्सा घेण्याच्या हक्कापोटी ५१ कोटी, आणि सुमारे ३२५ कोटी ३० जून २०००पर्यंत.

"म्हणजे इसार दिला!" काकांना लगेच कळतं. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरात कुळगावच्या वन रूम किचनची इसार पावती आहे. निळ्या शाईतली रक्कम, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी गेलेली सही, खाली साठेखताची तारीख.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १० मार्चला नॅस्डॅक ५,०४८वर बंद होईल, १४ एप्रिलला ३,३२१वर. जूनमध्ये रेडिफ १२ डॉलरने तिथे उतरेल, तोवर हवा पालटलेली असेल. सत्यम इन्फोवे तरीही उरलेला हिस्सा घेईल, नोव्हेंबरात बांधलेल्या भावाने.

लोक या आकड्याला वेडेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. वेबसाइट खरी होती, वाचक खरे होते. महाग पडला तो महिना. जैन यांनी १२२ कोटी नोव्हेंबरातच पदरात पाडून घेतले, आणि या सौद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट मला तीच वाटते.

उल्हासनगर मागे पडतं. काका फोल्डर पिशवीत सरकवत विचारतात, "मग, करू ना साठेखत? का थांबू?"

"राहायला घेताय?"

"मुलीचं कॉलेज आहे इथलं."

"मग करा, काका."

कल्याण येतं. दारातून गर्दी आत लोटते आणि काका पिशवी छातीशी धरतात.