आधीचा आकडा

रत्नागिरीच्या भाट्ये किंवा काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पांढरट वाळूत काळे पट्टे उमटलेले दिसतात. चुंबक फिरवला तर त्यातले काही कण त्याला चिकटतात. ही वाळू इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या जड खनिजांची. केरळात चवरा-करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे. तिथे मात्र तिच्यात मोनाझाइट मिसळलेले असते आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. त्यामुळे त्या किनाऱ्यावरील काही जागा जगातील सर्वाधिक नैसर्गिक किरणोत्सार असलेल्या वस्त्यांमध्ये गणल्या जातात. डोळ्यांना दोन्ही वाळू सारख्याच दिसतात. फरक कळतो तो उपकरणाला. कोकणात किरणोत्सार मोजण्याचा इतिहास पाहायचा तो या एवढ्याशा फरकासाठी.

हा इतिहास अणुभट्ट्यांपासून सुरू होत नाही. १९०४मध्ये टोरोंटोच्या ई. एफ. बर्टन यांना कच्च्या खनिज तेलात एक किरणोत्सारी वायू सापडला. रेडियमचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पुढे १९११च्या सुमारास मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील सिएर्प आणि फादर स्टाइकेन यांनी मुंबई इलाख्यातील उष्ण झऱ्यांच्या पाण्याची किरणोत्सारिता तपासली. तेलात आणि झऱ्यात सापडणारा हा वायू एकच : रेडॉन. पावणेचार-चार दिवसांत तो निम्मा होतो. म्हणून झऱ्याचे पाणी बाटलीत भरून सावकाश प्रयोगशाळेत नेले तर आकडा घसरलेला असतो. मोजणाऱ्यानेच जागेवर जायला हवे, हा या शास्त्राचा पहिला धडा. पालघरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत पसरलेली उष्ण झऱ्यांची रांग आपल्याला गरम पाण्यासाठी आणि देवळांसाठी ठाऊक आहे. मापनाच्या इतिहासातही तिला जागा आहे.

१९५४मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा संस्थेची उभारणी सुरू झाली. तिचेच पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र झाले. तारापूरच्या भट्ट्या १९६९मध्ये वीज देऊ लागल्या, पण तिथली पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा त्याआधीच कामाला लागली होती. भट्टी सुरू होण्यापूर्वीच परिसरातील पाणी, माती, दूध, भाजी, मासळी आणि खाडीतला गाळ यांतील किरणोत्सार नोंदवून ठेवायचा, ही तिची पद्धत. कारण साधे आहे. निसर्गात किरणोत्सार आधीपासूनच आहे : खडकात, आकाशातून येणाऱ्या किरणांत, आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येसुद्धा. त्याची जागतिक सरासरी माणशी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरली जाते. मानवी उद्योगामुळे सामान्य माणसाला त्यावर वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, असा दंडक आहे. म्हणजे मर्यादा मूळ आकड्यापेक्षाही लहान! मूळ आकडाच माहीत नसेल तर वाढ कशात दाखवणार? आणि वाढ झालीच नसेल, तर तेही कसे सिद्ध करणार?

१९८०च्या दशकात भाभा केंद्राच्या के. एस. व्ही. नंबी आणि सहकाऱ्यांनी देशभर छोट्या मात्रामापक चकत्या ठेवून नैसर्गिक किरणोत्साराचा नकाशा तयार केला. किरणांची ऊर्जा साठवणारी आणि तापवल्यावर ती प्रकाशरूपाने परत देणारी ही चकती. या नकाशात बाहेरून मिळणारी मात्रा मुंबईत वर्षाला सुमारे ४८४ मायक्रोग्रे, दिल्लीत ७०० आणि बंगळुरूत ८२५च्या आसपास आली. मुंबईचा आकडा कमी, कारण पायाखाली काळा कातळ. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कमी असते. रत्नागिरीची काळी वाळूही याच कातळाची लेक. तिच्यात इल्मेनाइट भरपूर, पण केरळसारखा मोनाझाइट नाही.

आता तेल. १९७४मध्ये मुंबई हायमध्ये तेल सापडले आणि १९७६पासून उत्पादन सुरू झाले. कोकणचा समुद्र तेलाचा प्रदेश झाला. खोल थरातून तेलाबरोबर येणाऱ्या खाऱ्या पाण्यात रेडियम विरघळलेले असू शकते. दाब आणि तापमान बदलले की ते बेरियमच्या क्षारांसोबत नळांच्या आत खपलीसारखे जमते. उत्तर समुद्रात आणि अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर १९८०च्या दशकात या खपल्यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले; जुने नळ भंगारात विकण्यापूर्वी तपासणे आले. रेडॉन उकळतो तो उणे ६२ अंशांना, प्रोपेन उणे ४२ आणि इथेन उणे ८९ अंशांना. त्यामुळे वायू वेगळे करताना रेडॉन प्रोपेनच्या आसपास गोळा होतो. आकडे बहुधा लहानच असतात. पण लहान आहेत, हे म्हणण्यासाठीही मोजावे लागते.

आणि इथेच रत्नागिरीचा प्रश्न अवघड होतो. कोकणात 'मोजणी' या शब्दाला दुसराच अर्थ चिकटला आहे : मोजणी आली म्हणजे जमीन जाणार. राजापूर तालुक्यातील माडबन-जैतापूर प्रकल्प मुळात १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा ठरला होता. नोव्हेंबर २०१०मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. चारच महिन्यांनी, ११ मार्च २०११ला, फुकुशिमा घडले. एप्रिलमध्ये नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. पुढे त्याच तालुक्यात तेलशुद्धीकरण प्रकल्प आला. नाणारची अधिसूचना २०१९मध्ये रद्द झाली, मग बारसूचे नाव पुढे आले. तिथे एप्रिल २०२३मध्ये संघर्ष पेटला तो माती परीक्षणावरून, म्हणजे एका मोजमापावरूनच. कातळशिल्पांच्या त्या सड्यावर बाया भर उन्हात आडव्या पडल्या.

त्यांना विज्ञान कळत नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. मोजमाप करणारा कोण, ते कशासाठी आणि आकडा कुणाच्या कपाटात राहणार, हे प्रश्न शास्त्राच्या बाहेरचे नाहीत. तारापूरच्या प्रयोगशाळेने जे ओळखले होते, त्याचा अर्धा भाग आपण विसरलो. आधीचा आकडा उद्योगाला जितका हवा, तितकाच किंवा त्याहून अधिक तो शेजारच्या गावाला हवा. उद्या वाद झाला तर गावाच्या हातात पुरावा म्हणून तेवढेच असणार आहे.

म्हणून तो आकडा प्रकल्प ठरण्यापूर्वी घेतला जावा, प्रकल्प होवो अथवा न होवो. तो मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला जावा. झऱ्याच्या पाण्याचा, मासळीचा, आंब्याच्या बागेतल्या मातीचा आणि काळ्या वाळूचाही. कोकणातल्या माणसाला आपल्या सातबाऱ्यावरची प्रत्येक नोंद पाठ असते. ही आणखी एक नोंद तो नक्की सांभाळील. मात्र ती त्याच्या हाती पडायला हवी.