दीर्घिकेतल्या दांड्याची कुळकथा

अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस यांनी १९१८ साली ७६२ तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची वर्णनं प्रसिद्ध केली. क्रॉसली दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांत काही सर्पिल तेजोमेघ वेगळे दिसत होते. त्यांच्या केंद्रातून एक तेजस्वी पट्टा आरपार गेला होता. कर्टिस यांनी त्यांना ग्रीक ‘फाय’ या अक्षरावरून नाव दिलं. हे तेजोमेघ आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर, याचाही निकाल तेव्हा लागला नव्हता.

त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे एडविन हबल यांनी सिद्ध केलं आणि १९२६ मध्ये त्यांची वर्गवारी मांडली. पुढे तिची आकृती नादकाट्यासारखी झाली: एका भुजेवर साध्या सर्पिल दीर्घिका, दुसरीवर दंडयुक्त. पाहणाऱ्याला ही दोन वेगळी घराणी वाटत. पण १९५९ मध्ये जेरार द व्होकुलर यांनी दोहोंच्या मधल्या दीर्घिकांनाही वर्गीकरणात जागा दिली. अवरक्त प्रकाशात धुळीचा अडसर कमी झाल्यावर तर सुमारे दोनतृतीयांश सर्पिल दीर्घिकांत लहानमोठा दांडा दिसू लागला.

एवढे दांडे येतात कुठून? ताऱ्यांच्या कक्षा काटेकोर वर्तुळाकार नसतात. त्या किंचित लांबट असतात आणि त्यांचा लांब अक्षही सावकाश फिरत असतो. तबकडीच्या आतल्या भागात काही अक्ष एका दिशेला आले, की त्या दिशेला वस्तुमान थोडं जास्त होतं. त्याच्या ओढीने शेजारच्या कक्षाही तिकडेच वळतात, ओढ आणखी वाढते आणि दांडा उभा राहतो. तो घन नसतो. त्यातला प्रत्येक तारा आपल्या लांबट कक्षेत धावत असतो, आणि त्या सगळ्या कक्षांची मिळून झालेली आकृती एकसंध फिरते.

हे घडताना प्रथम संगणकाने दाखवलं. फ्रँक होल यांनी १९७१ मध्ये एक लाख कणांची तबकडी फिरवून पाहिली, तर तिच्यात आपोआप दांडा तयार झाला. १९७३ मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी उलटा प्रश्न विचारला: तबकड्या इतक्या सहज मोडत असतील, तर आजच्या दीर्घिका टिकल्या कशा? तबकडीभोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचं मोठं प्रभामंडल असावं, हे त्यांचं उत्तर. कृष्णद्रव्याच्या बाजूने मांडलेल्या महत्त्वाच्या युक्तिवादांत ते गणलं जातं. गंमत अशी, की हेच प्रभामंडल दांड्याकडून कोनीय संवेग घेतं आणि कालांतराने त्याला अधिक बळकट करतं, असं नंतरच्या गणितांतून दिसलं.

दांडा दीर्घिकेत मोठी कामं करतो. त्याच्या कडेने वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, कोनीय संवेग गमावतात आणि केंद्राकडे घसरतात. दांड्यातल्या काळ्या धूळरेषा म्हणजे याच टकरींच्या जागा. आत पोचलेल्या वायूतून केंद्राभोवती नवे तारे जन्मतात. वैतरणी तारकासमूहातल्या एनजीसी १३०० या दीर्घिकेच्या केंद्रापाशी तर सुमारे ३,३०० प्रकाशवर्षं रुंदीची आणखी एक छोटी सर्पिल आकृती दिसते.

आपल्या आकाशगंगेतला दांडा मात्र उशिरा सापडला, कारण आपण तबकडीच्या आतच बसून तिच्याकडे पाहतो. केंद्राजवळच्या वायूची गती वर्तुळाकार कक्षांत बसत नाही, हे पाहून द व्होकुलर यांनी साठच्या दशकातच आकाशगंगेत दांडा असल्याचं सुचवलं होतं. ठोस पुरावा १९९१ मध्ये आला. लिओ ब्लिट्झ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी अवरक्त नोंदी तपासल्या, तेव्हा केंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ भरली: ते दांड्याचं आपल्याकडे झुकलेलं टोक होतं. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या पाहणीतून त्याची लांबी सुमारे २७,००० प्रकाशवर्षं निघाली.

आता त्याचं वयही काढता येतं. दांडा तयार झाल्यावरच वायू केंद्राकडे वाहू लागला, म्हणून त्या वायूतून केंद्रापाशी जन्मलेले सर्वांत जुने तारे दांड्याच्या जन्माची वेळ सांगतात. तिथल्या स्पंदनशील ताऱ्यांवरून ते वय सुमारे ८०० कोटी वर्षं येतं. म्हणजे सूर्य जन्माला आला, तेव्हा आकाशगंगेचा दांडा तीनशे कोटी वर्षांहून जुना होता. कर्टिस यांनी ज्यांचा वेगळा गट केला, त्या दीर्घिका आपल्याच कुळातल्या निघाल्या.